दूरदर्शन अँटेना : वऱ्हाडातील ग्रहणदोष व उपाय

दूरदर्शन अँटेना : जमिनीवरील प्रक्षेपण केंद्राचे संकेत पकडण्यासाठी घराच्या छतावर किंवा माळ्यावर बसवलेली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची जोडणी. केबल आणि डिश येण्यापूर्वी अमरावती-अकोल्याकडे चित्र नीट दिसणे या नळ्यांवरच अवलंबून असे.

प्रक्षेपण व पल्ला : ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडल्यानंतर, उपग्रहावरून आलेला कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करणारी लघुशक्ती केंद्रे देशभर उभी राहिली. अमरावती व अकोला येथेही अशी केंद्रे होती. १०० वॅटच्या केंद्राचा भरवशाचा पल्ला साधारण १० ते १५ किमी. असतो. नागपूरचे केंद्र जास्त शक्तीचे होते. पण अमरावती तेथून रस्त्याने सुमारे १५० किमी. आणि अकोला सुमारे २५० किमी. दूर आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मनोरा १०० मी. व अँटेना ९ मी. उंच धरला, तर मोकळ्या सपाटीवरही दृष्टिरेषा सुमारे ५४ किमी.वर संपते. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या पूर्णेच्या सपाट खोऱ्यात उंच खांबाचा फायदा होई. गाविलगडाच्या रांगेआडच्या मेळघाटात मात्र डोंगराची छाया पडत असल्याने खांब वाढवून फारसे काही साधत नसे. थंडीत पहाटे जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर साचला की लहरी वाकतात आणि एरवी न येणारे दूरचे केंद्र दिसू लागते. ऊन चढले की ते जाते. त्यावरून अँटेनाची दिशा ठरवू नये.

रचना : प्रचलित नमुना यागी-उडा जातीचा, १९२६ मध्ये जपानमध्ये प्रथम मांडलेला. मधल्या दुमडलेल्या नळीला वायर जोडतात. तिच्यामागे लांब परावर्तक नळी व पुढे आखूड दिशादर्शक नळ्या असतात. आखूड बाजू केंद्राकडे ठेवतात. भारतात नळ्या आडव्या बसवत, कारण लहरीही आडव्या ध्रुवीकरणाच्या असत. नळीची लांबी चॅनेलनुसार बदलते : चॅनेल ४ (६१-६८ मेगाहर्ट्‌झ) साठी सुमारे २.३ मी., तर २०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास अवघी ७५ सेंमी. दुसऱ्या गावाहून आणलेला चांगला अँटेनाही येथे निकामी ठरे, तो बहुधा यामुळे.

दोष व उपाय : दोष कुठे आहे, हे पडद्यावरूनच कळते.

मुंग्या व खरखर म्हणजे संकेत क्षीण. प्रथम दिशा तपासावी. एक जण छतावर, दुसरा पडद्यासमोर आणि मधे “आलं काय?”, “आलं... गेलं!” अशी हाकाटी, हा त्या काळचा सार्वत्रिक प्रकार. खांब हातात असेपर्यंत चित्र स्वच्छ आणि हात सोडताच मुंग्या, असे वारंवार होई. कारण जवळ उभ्या माणसाच्या शरीरानेही ग्रहण बदलते. म्हणून खांब थोडा फिरवून बाजूला व्हावे आणि मगच खालच्याला विचारावे.

दिशा बरोबर असूनही मुंग्या राहिल्या, तर वायरीचा सांधा उघडून पाहावा. पावसाळ्यानंतर स्क्रूला गंज आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आढळते. ती पॉलिश पेपरने घासून सांधा पावसापासून झाकावा. ३०० ओहमची चपटी वायर लोखंडी खांबाला किंवा टिनाला चिकटवू नये. भिजल्यावर तिच्यातील घट आणखी वाढते. ७५ ओहमची गोल केबल वापरल्यास मधे बालुन (केबलचा अँटेनाशी मेळ घालणारा जोड) लावावा. वाऱ्याबरोबर चित्र येत-जात असेल, तर वायर तुटलेली किंवा सांधा सैल असतो. वानरे लोंबकळल्याने नळ्या वाकणे हेही येथले नेहमीचेच.

दुहेरी चित्र परावर्तनामुळे दिसते. भिंतीवरून किंवा टाकीवरून फिरून आलेली लहर ३०० मी. जास्त चालली, तर १ मायक्रोसेकंद उशिरा पोचते आणि ४० सेंमी. रुंद पडद्यावर दुसरी आकृती सुमारे ८ मिमी. उजवीकडे सरकते. येथे शक्ती वाढवून उपयोग नसतो. अँटेना थोडा फिरवावा किंवा त्याची जागा बदलावी. ठिपक्यांच्या आडव्या पट्ट्या मिक्सर, मोटारसायकल किंवा ठिणग्या टाकणाऱ्या वीजतारेमुळे येतात.

माळ्यावरचा अँटेना : कोरड्या कवेलूखाली अँटेना बऱ्यापैकी चालतो, कवेलू भिजले की चित्र मंदावते. टिनाखाली तो जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण पत्रा लहरी परतवतो. धाब्याच्या जाड ओल्या मातीखालीही तीच गत.

बूस्टर : संकेताची शक्ती वाढवणारा हा संच खांबावर, अँटेनाजवळ लावावा. टीव्हीमागे लावल्यास वायरीत मिसळलेली खरखरही तो तेवढीच वाढवतो. केंद्राजवळच्या घरी बूस्टरने चित्र उलट बिघडते. दिशा, सांधा व वायर तपासण्याआधी बूस्टर घेणे हा बहुतेक वेळा वायफळ खर्च ठरे.

सद्यस्थिती : प्रसार भारतीने २०२१-२२ मध्ये, सामरिक महत्त्वाची थोडी केंद्रे वगळता, ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केले. २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झालेल्या डिजिटल भूप्रक्षेपणात महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) होती. अमरावती व अकोला नव्हती. दूरदर्शनच्या वाहिन्या आता डीडी फ्री डिश या उपग्रह सेवेवर मासिक शुल्काविना दिसतात. तिच्यासाठी अकोल्यात डिश आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वरच्या दिशेने रोखावी लागते.