गुळाचा खडा आणि चुलीचा धूर

धुरात, धुळीत राबणाऱ्यानं गुळाचा खडा खावा, छाती मोकळी होते, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. चुलीपुढं खोकणाऱ्या आपल्या आज्यांनीही तो खाल्ला.

लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रानं ही समजूत तपासली. निष्कर्ष १९९४ साली छापून आले. गूळ खाल्लेल्या उंदरांच्या फुप्फुसांतले कोळशाचे कण लवकर हलले. पण ते उंदीर होते, माणसं नव्हेत.

माणसांवरचा एक प्रयोग चीनमधल्या चिडोंग भागात झाला. तिथली हवा दूषित. २९१ जणांपैकी काहींना १२ आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय दिलं. निकाल २०१४ साली आला : त्यांच्या लघवीवाटे बेंझीन हे धुरातलं विष जास्त बाहेर पडलं. ब्रोकोली म्हणजे आपल्या कोबी, मुळा, मोहरीची भावकी. मात्र आजार टळले का, हे त्यात मोजलं नव्हतं.

आणि चूल? हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर १९५३ सालीच पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे धूर घराबाहेर काढायची वाट उंदरांच्या प्रयोगाआधी ४० वर्षं ठाऊक होती. तरी आपल्या आज्यांच्या हाती आला तो गुळाचा खडाच. धुराडं बांधायला खर्च येतो ना!

पालेभाजी, आवळा, पेरू आपल्या ताटात हवेतच, आणि घरातल्या बाईच्या वाट्यालाही यायला हवेत. पण गटाच्या पुढच्या बैठकीत पहिला विषय धुराड्याचा घेऊया.