हर्णैचा किनारा, स्कॉच बॅलड आणि आपला पोवाडा

पोवाड्याविषयीं लिहूं लागलें कीं इंग्रजींतील बॅलडची आठवण काढण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तुलना दोन वाक्यांत उरकते आणि लेखक पुढें जातो. परंतु या दोन जातींचीं गाणीं एके काळीं एकमेकांच्या किती जवळून गेलीं आणि तरीहि त्यांची भेट कशी हुकली, हा इतिहास त्या तुलनेपेक्षां अधिक रसाळ आहे. त्याचा आरंभ आजच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील बाणकोट आणि हर्णै या दोन बंदरांवर होतो.

बाणकोट अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांच्या ताब्यांत होतें. पेशवाई बुडाल्यावर पांच वर्षांनीं, 1823 सालीं, स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक या किनाऱ्यावर आले आणि त्यांनीं बाणकोट व हर्णै येथें शाळा काढल्या. 1829 मध्यें जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट हीं मुंबईस उतरलीं आणि मराठी शिकण्यासाठीं हर्णैस येऊन राहिलीं. ज्यांच्या नांवाचें कॉलेज आज मुंबईंत चौपाटीसमोर उभें आहे, तेच हे विल्सन. समोर पाण्यांत सुवर्णदुर्ग, कांठावर कोळ्यांच्या होड्या आणि हातांत मोडीचे कागद, अशा ठिकाणीं या चोवीस वर्षांच्या तरुणाची मराठी घडली.

हा तरुण ज्या गांवांत जन्मला, तें लॉडर नांवाचें गांव स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील प्रांतांत आहे. आणि बॅलडांचें माहेर तें हेंच. तेथून जवळच तेराव्या शतकांतील थॉमस द राइमर या कवीचें गांव आहे. परीच्या राणीनें त्याला आपल्या राज्यांत नेल्याचें गाणें त्या मुलुखांत पिढ्यान् पिढ्या गायिलें जात असे. याच प्रांतांत हिंडून सर वॉल्टर स्कॉट यांनीं 1802 व 1803 सालीं आपला बॅलडांचा प्रसिद्ध संग्रह छापला. त्या कामांत त्यांना साह्य करणारा जॉन लेडन हा त्याच भागांतला मेंढपाळ कुटुंबांतील विद्वान 1803 मध्यें मद्रासेस आला आणि पुढें आठ वर्षांनीं जावा बेटांत वारला. विल्सन हर्णैस आले तेव्हां मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉन माल्कम हेहि सीमेवरच्याच एस्कडेलचे. इतकी मंडळी बॅलडांच्या देशांतून पोवाड्यांच्या देशांत आली. पण येथल्या शाहिरांचीं गाणीं उतरून घ्यावीं असें त्यांपैकीं कोणाच्या मनांत आलें नाहीं. मिशनरींना त्याचा दोष द्यावा असें मला वाटत नाहीं. त्यांच्या पंथांत ऐहिक गाण्यानाचण्याला मान नव्हता, आणि ते आले होते वादासाठीं. डफ ऐकण्यासाठीं नव्हे.

यांपैकीं कांहीं मंडळी पुढें पुण्यास गेली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत 1841 ते 1847 या काळांत जोतीराव फुले शिकले, आणि त्याच जोतीरावांनीं 1869 सालीं शिवाजीमहाराजांवर पोवाडा रचून छापला. शाळेमुळें पोवाडा आला असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. मात्र इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांना आपली गोष्ट बहुजनांपुढें मांडावयाची वेळ आली तेव्हां फुल्यांनीं निबंध बाजूला ठेवून शाहिराचा घाट उचलला, ही गोष्ट लहान नव्हे.

पोवाडे गोळा करण्याचें काम अखेर झालें तें मुंबईच्या एका इंग्रज म्युनिसिपल कमिशनराच्या पुढाकारानें. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ हें नांव मुंबईकरांना वडाळ्याच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयामुळें ठाऊक आहे. त्यांनीं आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं मिळून 1891 सालीं ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला. 1894 मध्यें अ‍ॅकवर्थ यांनीं त्यांतील निवडक पोवाड्यांचें इंग्रजी पद्यांत भाषांतर करून तें लंडनमध्यें छापलें. पुस्तकाच्या नांवांत त्यांनीं पोवाड्याला बॅलड म्हटलें, आणि तेव्हांपासून हा शब्द आपल्या मानगुटीस बसला. पुढें यशवंत नरसिंह केळकर यांनीं ‘ऐतिहासिक पोवाडे’ काढून हें काम पुष्कळ वाढविलें, तेव्हां शाळिग्रामांच्या श्रमांची खरी किंमत अभ्यासकांना कळली. इंग्रजी वाचकांच्या जगांत मात्र त्यांचें नांव कायमचें दुसरें राहिलें.

बॅलड हें नांव पोवाड्याला कितपत शोभतें? कथानकाचें साम्य कधीं कधीं चकित करणारें आहे. 1388 सालीं ऑटरबर्न येथें स्कॉच सरदार डग्लस लढतां लढतां पडला, पण लढाई स्कॉच सैन्यानें जिंकली. 1670 सालीं सिंहगडावर तानाजी पडला आणि गड आला. दोन्ही ठिकाणीं लोकांनीं गाणें केलें तें विजयावर नव्हे, विजयाच्या किमतीवर. तुळशीदासाच्या पोवाड्यांत रायबाचें लग्न टाकून तानाजी निघतो. त्याचें उमरठ गांव रत्नागिरीच्या सीमेपासून फार दूर नाहीं, आणि कोंकणांतल्या श्रोत्याला तें लग्नघर डोळ्यांपुढें दिसतें.

परंतु येथेंच वाट फुटते. बॅलडाला कर्ता नसतो. चार ओळींच्या कडव्यांत, फारसें वर्णन न करतां, गाणारा थेट प्रसंगाच्या मध्यावर जातो आणि स्वतः कोठेंहि दिसत नाहीं. आपला शाहीर मात्र शेवटीं आपलें नांव गुंफतो, आश्रयदात्याची स्तुति करतो आणि बिदागीहि घेतो. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासानें जिजाबाईंच्या सांगण्यावरून रचला व त्याला घोडा आणि सोनें मिळालें, अशी परंपरा आहे. बॅलड चुलीपाशीं म्हणण्याचें, पोवाडा सभेंत उभें राहून गर्जण्याचा. स्कॉच बॅलडांची खरी जोडी शोधावयाची तर ती पोवाड्यापेक्षां आपल्या बायकांच्या जात्यावरील ओव्यांत सांपडेल. स्कॉटलंडांतील कित्येक उत्तम बॅलडें फॉकलंडच्या मिसेस ब्राउन या बाईंच्या स्मरणांतून आलीं. त्यांनीं तीं आई, मावशी आणि दाई यांच्या तोंडून ऐकलीं होतीं. आपल्याकडे ओव्या वेंचण्याचें काम साने गुरुजींनीं ‘स्त्री जीवन’ मध्यें केलें, आणि ते तर दापोलीजवळच्या पालगडचेच.

आतां खरा प्रश्न. शाळिग्रामांच्या पुस्तकांत शब्द आहेत, चाली नाहींत. झीलकऱ्यांनीं कोठें सूर उचलला, डफावर ठेका कोठें बदलला, शाहीर कोठें गद्यांत बोलला, यांतलें कांहींच कागदावर उतरलें नाहीं. स्कॉट यांच्याहि संग्रहाची हीच उणीव होती. एट्रिकच्या जेम्स हॉग या कवीच्या वृद्ध आईनें त्यांना तोंडावर ऐकविलें कीं हीं गाणीं गाण्याचीं होतीं, वाचण्याचीं नव्हतीं, आणि तुम्ही तीं छापून बिघडविलींत. हॉगनें ही आठवण लिहून ठेविली आहे. पुढें अमेरिकेंत प्रोफेसर चाइल्ड यांनीं 1882 ते 1898 या काळांत 305 बॅलडांचे सर्व पाठ छापले; त्यांच्या चालींचा तोलामोलाचा संग्रह ब्रॉन्सन यांच्या हातून निघण्यास 1959 साल उजाडलें. तोही निघूं शकला, कारण मधल्या काळांत सेसिल शार्प यांनीं 1903 पासून सॉमरसेटमधील शेतकऱ्यांच्या तोंडचे सूर स्वरलिपींत उतरविले होते आणि पर्सी ग्रेंजर यांनीं 1906 मध्यें लिंकनशायरांत फोनोग्राफ नेला होता.

1951 सालीं एडिंबरो येथें हॅमिश हेंडरसन यांनीं लोकगायकांची एक मैफल भरविली. मोठ्या संगीत-महोत्सवास जमलेल्या नागर श्रोत्यांपुढें त्यांनीं जिमी मॅकबेथसारखा रस्त्यांवर व जत्रांत गाणारा माणूस उभा केला, आणि तें सारें ध्वनिमुद्रितहि झालें. आपल्याकडे ओव्यांच्या बाबतींत असें काम हेमा राइरकर आणि गी पॉइटविन यांनीं केलें. त्यांच्या प्रकल्पांत एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि पुष्कळशा बायकांचा आवाजहि टिकला.

रत्नागिरीच्या जाखडीचें मात्र निराळें आहे. ती अजून जिवंत आहे, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतें. गौरीगणपतींत अंगणांत फेर धरून, पायांत चाळ बांधून पोरें नाचतात. मध्यें ढोलकी, झांज आणि गाणारा बुवा. शक्तिवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना शास्त्रपुराणांतले सवाल घालतात. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांनीं ती शहरांत नेली, आणि आज तिचे सामने नाट्यगृहांत तिकिटें लावून होतात. पदें असतात बुवाच्या वहींत. वहींत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचें नांव लिहिलेलें असतें. जुन्या इंग्रजी छापील गाण्यांवरहि, अमुक गाण्याच्या चालीवर, असेंच छापीत असत. तें अमुक गाणें विसरलें गेलें तेथें खालचे शब्द मुके झाले. जाखडीच्या जुन्या वह्यांत चालीपुढें आधीच्या बुवांच्या पदांचे आरंभ येतात. नव्या वह्यांत बहुधा सिनेमाच्या गाण्यांचे. जुनीं पदें गाऊन दाखविणारे बुवा आतां सत्तरीपलीकडचे आहेत.