अ‍ॅनिस्टनचा बसस्टँड

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यात, अ‍ॅनिस्टन नावाचं छोटं कारखान्यांचं शहर आहे. वस्ती जेमतेम वीस-बावीस हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथल्या जुन्या इमारतींबद्दल बरेच दिवस वाचतोय, म्हणून हे लिहितो.

गाव वसलं 1872 च्या सुमारास, लोखंडाच्या भट्ट्यांसाठी. वसवणारे सॅम्युअल नोबल आणि जनरल डॅनियल टायलर. यादवी युद्धात टायलर उत्तरेकडून लढलेला, तर नोबल कुटुंबाचा कारखाना दक्षिणेच्या फौजेला तोफा ओतून द्यायचा. युद्ध संपल्यावर सात वर्षांत दोघे भागीदार! टायलरच्या सुनेचं नाव अ‍ॅनी, तिच्यावरून अ‍ॅनिस्टन. 1883 पर्यंत अख्खं गाव कंपनीच्या मालकीचं होतं. आखीव रस्ते, झाडं, कामगारांची घरं. 'मॉडेल सिटी' हे बिरुद तेव्हापासूनचं.

याच नोबल घराण्याने 1890 मध्ये सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स हे चर्च उभं केलं. दगडी बांधकाम, उंच मनोरा, त्यात 12 घंटा, संगमरवरी वेदी. फोटो बघूनच डोळे निवतात. गावाला भेट देणारा आधी हेच बघत असणार, आणि त्यात चूक काहीच नाही.

पण या गावाचं नाव जगभर गेलं ते गर्नी अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका साध्या बसस्टँडमुळे. आंतरराज्य बसस्टँडवर गोरे-काळे भेद चालणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1960 मध्ये दिला होता. तो खरंच पाळला जातो का, हे बघायला काळे आणि गोरे प्रवासी एकत्र बसून निघाले, ते फ्रीडम रायडर्स. 14 मे 1961 ला त्यांची ग्रेहाउंड बस इथे थांबली. जमावाने काचा फोडल्या, टायर चिरले. पोलिसांनी बस गावाच्या हद्दीपर्यंत सोडली आणि ते माघारी फिरले. काही मैलांवर टायर बसले, बस थांबली, आणि जमावाने ती पेटवली. प्रवासी कसेबसे बाहेर पडले. तिथल्या किराणा दुकानदाराची 12 वर्षांची गोरी मुलगी जमावातून वाट काढत त्यांना पाणी देत होती.

जानेवारी 2017 मध्ये ओबामांनी तो स्टँड आणि बस जळाली ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. आपल्याकडे हेरिटेज म्हटलं की वाडा, देऊळ, किल्ला. एसटी स्टँडचं नाव त्या यादीत घाला म्हटलं तर नगरपालिकेत हसतील. मला विचाराल तर अ‍ॅनिस्टनमध्ये चर्चपेक्षा हा स्टँड मोठा आहे.

तरी या यादीत एक भोक आहेच. गावाच्या पश्चिमेला मोन्सँटोचा कारखाना. तिथे 1971 पर्यंत पीसीबी नावाचं घातक रसायन बनायचं. ते ओढ्यात, मातीत आणि शेवटी लोकांच्या रक्तात उतरलं. आसपास बहुतेक वस्ती काळ्या लोकांची. स्वीट व्हॅली आणि कॉब टाउन इथली घरं कंपनीने विकत घेऊन पाडली. 2003 मध्ये खटल्यांत 70 कोटी डॉलरची तडजोड झाली, तोवर त्या गल्ल्यांमध्ये जपायला घरंच उरली नव्हती.