व्हॉल्व्हखालची शिशाची गादी

२०११ साली संशोधनाच्या निमित्ताने मी अमेरिकेत, आयोवा राज्यात राहत होतो. माझे घरमालक शेतकरी होते. वय सत्तरीच्या पुढे, आणि पदरी १९५९ सालचा एक शेव्हरोले पिकअप ट्रक. पुढे छोटी केबिन, मागे उघडा हौदा. दर वसंतात ते इंजिनावरचे झाकण उघडत, टॅपेटच्या फटीत फिलर गेजची पाती सरकवून पाहत आणि बाराही व्हॉल्व्हची मापे एका जाडजूड वहीत टिपून ठेवत. त्या वर्षी चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट जवळजवळ नाहीशी झाली होती. "सरकारने पेट्रोलमधले शिसे काढले आणि माझे इंजिन खाल्ले," असे ते वैतागून म्हणाले.

मी शिसे विषारी म्हणून शिकलेला माणूस. शिसे इंजिनाला पथ्यकर असते, हे वाक्य मला चमत्कारिक वाटले. पण म्हाताऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. ते अर्धे खरे होते, आणि त्या अर्ध्या खऱ्यामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास होता.

आधी ती फट समजून घेऊ. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारे छत्रीच्या आकाराचे झाकण. ते ज्या गोल कडेवर येऊन बसते तिला सीट म्हणतात. चार फेरांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे व्हॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे असतील तर तो १,५०० वेळा आपटतो, सेकंदाला २५ वेळा आणि तासाला ९०,००० वेळा. (हे गणित वर्गात मुलांकडून जरूर करून घ्यावे. आकडा ऐकून मुले यंत्राकडे जरा आदराने पाहू लागतात.) भार जास्त असेल तर या व्हॉल्व्हचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्याला थंड होण्याची मुख्य संधी मिळते ती सीटवर टेकलेला असताना. तेवढ्या वेळात उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि हेडमधून पाण्यात जाते.

जुन्या ट्रकचे हेड बिडाचे असे आणि सीट वेगळी बसवलेली नसून त्याच बिडात कापलेली असे. तापलेला व्हॉल्व्ह मऊ बिडावर आपटला की दोन्ही पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे क्षणभर एकमेकांना चिकटतात, एक प्रकारे वेल्डिंगच होते. पुढच्याच क्षणी व्हॉल्व्ह उचलला जातो आणि सीटचा कण उपटून घेऊन जातो. लोखंडाच्या ऑक्साइडचे हे कण व्हॉल्व्हच्या कडेला डकतात आणि पॉलिशपेपरसारखे सीट घासू लागतात. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतत जातो, आणि त्याचा दांडा तेवढाच वर सरकून टॅपेटची फट खाऊन टाकतो.

इथे एक गंमत आहे. यंत्राची नेहमीची झीज फट वाढवते आणि टकटक आवाज येऊ लागतो, म्हणून मालक सावध होतो. या झिजेत फट कमी होते आणि इंजिन उलट शांत होते. फट पुरती संपली की व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही, थंड होऊ शकत नाही आणि कडेने जळतो. आवाज गेला म्हणून खूश होणारा मालक थोड्याच दिवसांत हेड उतरवून बसतो. घरमालकांची वही वेडेपणाची नव्हती.

आता शिसे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने तयार केलेली बॅटरीवर चालणारी ठिणगीची व्यवस्था आणि सेल्फ स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक मोटारीत आले. त्याच सुमारास इंजिनात ठोके बसण्याची, म्हणजे नॉकिंगची, तक्रार वाढली आणि दोष केटरिंगच्या ठिणगीवर आला. वास्तविक दोष इंधनाचा होता. सिलिंडरमधले उरलेले मिश्रण ज्योत पोचण्याआधीच दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटत होते. केटरिंगचा सहकारी टॉमस मिजली याने यावर उपाय शोधण्यासाठी आयोडीन, ॲनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम अशी एकामागून एक द्रव्ये वापरून पाहिली. टेल्युरियमचा दर्प तर अंगाला असा चिकटे की माणसे जवळ उभी राहत नसत. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हाती लागले. गॅलनमागे दोन-तीन ग्रॅम शिशाने काम भागे. २ फेब्रुवारी १९२३ रोजी ओहायोतील डेटन येथे असे पेट्रोल प्रथम विकले गेले. त्याला नाव दिले 'एथिल'. शिशाचा उल्लेख नावात नव्हता, आणि हा निव्वळ योगायोग होता असे मला वाटत नाही.

शिसे विषारी आहे हे तेव्हा अज्ञात होते असे मात्र कोणी समजू नये. मिजली स्वतः १९२३ साली शिशाच्या बाधेमुळे विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेला होता. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर याच द्रवाने हात धुऊन दाखवले! कामगारांच्या आरोग्याच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९२५च्या सरकारी परिषदेत उघड विरोध केला. परंतु १९२६ साली समितीने बंदी घालण्याइतका पुरावा नाही असे म्हटले आणि पुढे अभ्यास चालू ठेवावा असे सुचवले. पेट्रोल विकले जाऊ लागले. पुढच्या अभ्यासाचा बराच भार मात्र त्याच उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांकडे राहिला.

सीटच्या बचावासाठी शिसे कोणीही घातले नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जळल्यावर तयार होणारी शिशाची ऑक्साइडे, सल्फेटे आणि क्षार व्हॉल्व्हच्या कडेवर पातळ थर धरत. धातूला धातू भिडत नसे, वेल्डिंग होत नसे. हा फुकटचा लाभ होता. पण फुकटच्या लाभाची सवय लागते. शिसे आहेच म्हटल्यावर कारखान्यांनी मऊ बिडाच्या सीटवर समाधान मानले आणि इंजिने मात्र अधिक वेगाची, अधिक दाबाची होत गेली.

शिशाविरुद्धचा पुरावा आला तो अनपेक्षित दिशेने. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ अशनीतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय मोजत होते. त्यांनी ते ४.५५ अब्ज वर्षे ठरवले आणि १९५६ साली प्रसिद्ध केले. मोजणी करताना हवेतून, काचपात्रांतून, माणसांच्या केसांतूनही शिसे नमुन्यात शिरते असे त्यांना आढळले. ते टाळण्यासाठी त्यांनी अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि मग प्रश्न उलटा विचारला, की एवढे शिसे आले कोठून? ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांतील शिसे मोजून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवले की इ. स. पू. ८०० पासून १९६५ पर्यंत त्याचे प्रमाण दोनशे पटींहून अधिक वाढले होते. १९७९मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या दुधाच्या दातांतील शिशाचा संबंध त्यांच्या बुद्धिमापनातील गुणांशी जोडून दाखवला.

तोवर अमेरिकेत शिशाची माघार सुरू झाली होती, पण कारण वेगळे होते. १९७५पासून मोटारींना लागलेले उत्प्रेरक धूरशोधक यंत्र शिशाने निकामी होई, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. इथे पिकअपला एक पळवाट मिळाली. भारासह ६,००० पौंडांवरील वाहने त्या कडक नियमांतून सुटत. फोर्डने १९७५ साली एफ-१५० हा पिकअप मुद्दाम या रेषेच्या जरा वर बसेल असा काढला. १९७९ साली रेषा ८,५०० पौंडांवर नेण्यात आली आणि ती वाट बुजली.

जुन्या इंजिनांच्या मालकांची, विशेषतः शेतकऱ्यांची, ओरड सरकारने ऐकली हेही सांगितले पाहिजे. १ जानेवारी १९८६पासून मर्यादा गॅलनमागे ०.१ ग्रॅम केली, ती तेवढ्याने सीट वाचते या हिशेबाने. शिवाय संसदेच्या आदेशावरून ट्रॅक्टर व ट्रकची इंजिने शिसेविरहित पेट्रोलवर चालवून पाहण्यात आली. निष्कर्ष शहाणा होता: सावकाश, हलक्या कामाच्या इंजिनांना फारसे काही होत नाही, मऊ सीटचे इंजिन मोठ्या वेगाने, मोठ्या भाराखाली तासन्‌तास चालवले तर सीट वेगाने खाल्ली जाते. १९९६पासून रस्त्यावरील वाहनांसाठी शिसे पूर्ण बंद झाले.

मोबदला काय मिळाला? १९७६-८० आणि १९८८-९१ या दोन पाहण्यांदरम्यान अमेरिकी नागरिकांच्या रक्तातील शिशाची सरासरी डेसिलिटरमागे १२.८ मायक्रोग्रॅमवरून २.८वर आली. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ला चार महानगरांत आले आणि फेब्रुवारी २०००पासून देशभर. बिडाच्या हेडच्या अँबॅसेडर बाळगणाऱ्यांना तेव्हा हीच धास्ती होती. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री जुलै २०२१मध्ये थांबली.

घरमालकांच्या वहीतही याची साक्ष होती. १९९६नंतर १४ वर्षे फट हलली नव्हती, कारण ट्रक गावातल्या गावात फिरत होता. २०१०च्या उन्हाळ्यात त्यांनी मागे गुरांचा ट्रेलर जोडून महामार्गावर लांबच्या खेपा केल्या होत्या. मी ते दाखवल्यावर ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "खेपा तर करायच्याच होत्या."

हेड उतरवून शेजारच्या गावातल्या वर्कशॉपमध्ये नेले. तिथे झिजलेल्या सीटच्या जागी खोबण कापून कठीण मिश्रधातूच्या कड्या बसवल्या. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार धाव तापवतो, ती निवताना आकसून लाकडाला आवळते. इथे उलटे केले. आतली कडी गोठवून आकसवली, हेड तापवून खोबण फुलवली आणि कडी ठोकून बसवली. दोन्ही एका तापमानाला आल्यावर ती निघणे शक्य नव्हते. सहाही एक्झॉस्ट सीट बदलल्या. परत आल्यावर घरमालकांनी फटी मोजल्या, वहीत नवे पान काढले, आणि फिलर गेज माझ्या हातात देऊन चौथ्या सिलिंडरचे माप पुन्हा एकदा घ्यायला लावले.