रुळांआधी रस्ता

निफाड तालुक्यातील लासलगाव हे नाव कांद्याच्या बाजारामुळे आज घरोघरी परिचित झाले आहे. मुंबईहून कसारा, इगतपुरी, नाशिक, मनमाड या मार्गाने भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे गाव वसले असून त्याच्या उत्कर्षात या लोहमार्गाचा वाटा मोठा आहे. परंतु या लोहमार्गाच्या जन्माच्या तारखा ओळीने मांडून पाहिल्या, तर त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. मुंबईहून निघालेले रूळ १८६१ च्या आरंभी सह्याद्रीच्या पायथ्याशी, कसाऱ्याला, येऊन पोहोचले. घाटमाथ्यावरचा, इगतपुरीपासून नाशिक, लासलगाव, मनमाड यांवरून खानदेशाकडे जाणारा भाग १८६१ ते १८६३ या सालांत टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला. आणि या दोहोंना जोडणारा थळ घाटातील चढाचा मार्ग सुरू झाला तो मात्र १ जानेवारी १८६५ रोजी. म्हणजे घाटाखाली रूळ होते, घाटावर रूळ होते. मध्ये रूळ नव्हते. मग घाटमाथ्यावर गाड्या ओढणारी इंजिने तेथवर गेली कशी?

इंजिन काही आकाशातून उतरत नाही. ती विलायतेतून जहाजाने मुंबईस येत. दुसऱ्या एखाद्या लोहमार्गाने वळसा घालून ती नाशिककडे आणली असतील म्हणावे, तर तशी वाटही नव्हती. बोरघाटाचा चढ १८६३ साली खुला झाला खरा, परंतु पुण्याच्या बाजूचा मार्ग मनमाडला जोडणारा दौंड–मनमाड फाटा १८७८ चा. तेव्हा निष्कर्ष एकच राहतो. ज्या यंत्राच्या आगमनाने रस्त्यांचे महत्त्व संपले असे मानण्यात येते, ते यंत्र स्वतः मुंबई–आग्रा रस्त्याने थळ घाट चढून वर आले.

बोरघाटातही हेच घडले होते. खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला; घाटाचा चढ पुरा होऊन पहिली गाडी खालून वर आली ती २१ एप्रिल १८६३ रोजी. मधल्या जवळजवळ पाच वर्षांत उतारू खोपोलीस उतरत आणि पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट चढून खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसत. उतारूंच्या या हालांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. त्यांना पुढे नेणारे इंजिन त्याच घाटाने आले होते, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

घाईचे कारणही उघड आहे. डोंगर फोडण्यास वर्षे लागणार होती. थळ घाटाचा मार्ग लांबीने नऊ मैलांहून थोडा अधिक. परंतु तेवढ्यात ९७२ फूट चढावयाचे, सदतीस फुटांस एक फूट असा काही ठिकाणी चढ, तेरा बोगदे आणि सहा मोठे पूल. त्यांतील एहेगावचा पूल तर १८२ फूट उंचीचा. दरम्यान १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे मोल आले. घाटाचे काम संपेपर्यंत वरचे रूळ गंजत ठेवणे कोणासही परवडणारे नव्हते.

आता अशा ओझ्याची अडचण नेमकी कशात असते ते पाहू. त्या काळी रस्त्यावर ओढण्यास बैल, हत्ती व माणूस यांखेरीज दुसरे बळ नव्हते. ओझे दुप्पट झाले तर बैलजोड्या दुप्पट कराव्यात, असे वरवर वाटते. सपाट व सरळ रस्त्यावर हा हिशेब काही अंशी जमतोही. परंतु घाटाच्या वळणावर तो कोसळतो. पुढच्या जोड्या वळण घेऊन गेलेल्या असतात, मागच्या अजून सरळ रेषेत असतात. त्यामुळे दोर वळणाच्या आतल्या अंगास ताणला जातो आणि गाडा रस्त्यावरून बाजूस खेचला जातो. शिवाय सगळे बैल एकाच क्षणी जोर लावतील अशी शाश्वती नसते. चढावर एक क्षण ओढ सैल पडली, की ओझे मागे येऊ लागते. म्हणून चाकामागे दगड वा ओंडका सरकवणारी माणसे पावलोपावली हवीत. उतारावर तर ओढण्यापेक्षा आवरणेच कठीण. आणि या सर्वांवर ताण म्हणजे चाकाखालची जमीन. नेहमीच्या गाड्यांनी न खचणारी मोरी एका अवजड गाड्याखाली बसते. तात्पर्य, ओझे मोठे झाले की प्रश्न ओढणाऱ्याचा राहत नाही, वाटेचा होतो.

ही गोष्ट नाशिक जिल्ह्यातील रानवस्तीस पूर्वीपासून ठाऊक होती. पेठ, सुरगाणा आणि त्यापलीकडील डांगच्या जंगलांतील सागाचे लांबच लांब सोट हेच या भागातील जुने अवाढव्य ओझे. संबंध खोड गाडीवर चढवणे अशक्य. तेव्हा त्याचे जड टोक दोन चाकांच्या आसाशी दोरांनी बांधावयाचे आणि दुसरे टोक जमिनीवरून फरफटत न्यावयाचे, ही साधी युक्ती. फरफटणारे टोक उतारावर आपोआप आवर घालते, हा त्यातला आणखी एक लाभ. परंतु त्यासाठीही रानातून वाट तोडावी लागे, ओढ्याचे काठ उतरते करावे लागत, आणि पावसाळ्याचे चार महिने सारे काम थांबवावे लागे. बैल किती लावावयाचे हा त्यानंतरचा प्रश्न.

महाराष्ट्राच्या इतिहासात अशा ओझ्यांचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मुलूखमैदान तोफ. एखाद्या फर्ड्या वक्त्यास आपण सहज मुलूखमैदान म्हणतो, तेव्हा मूळ तोफेच्या आकाराची कल्पना फारशी कोणास नसते. १५४९ साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, बुऱ्हाण निजामशहासाठी महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ही तोफ ओतली. लांबी चौदा फुटांहून अधिक, तोंडाचा घेर असा की आत माणूस बसावा, आणि वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तेथून १६३२ साली विजापूरच्या मुरारपंताने ती विजापुरास नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे तिला जुंपली होती, असे परंपरा सांगते. आकडे थोडेफार वाढवलेले असोत. दीडशे किलोमीटरांहून अधिक लांबीची ती वाट, सीना व भीमा या नद्या ओलांडून, तोफेने पार केली यात संशय नाही, कारण ती आज विजापूरच्या बुरुजावर उभी आहे.

याच तोफेची पुढील कथा अधिक बोधप्रद आहे. पेशवाई बुडाल्यावर, १८२३ साली, ही तोफ इंग्लंडच्या राजास नजर करावी असे मुंबई सरकारच्या मनात आले. ती नेण्याची वाट पाहण्यासाठी एक इंजिनिअर पाठवण्यात आला. पाहणीअंती ठरले की समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेण्याजोगे रस्तेच नाहीत. आणि बेत सोडून द्यावा लागला. १८५४ साली साताऱ्याच्या साहाय्यक कमिशनराने तिचा लिलाव पुकारला, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची. ५५ टन धातूस दीडशे रुपये! बोली बोलणाऱ्याने धातूचे मोल ओळखले नाही असे नव्हे. तो हलवावा कसा, याचाही हिशेब त्या बोलीत असला पाहिजे. सुदैवाने लिलाव रद्द झाला.

येथे सहज शंका येईल की, मुरारपंतास जे साधले ते दोनशे वर्षांनंतर इंग्रजांसारख्या यंत्रविद्येत पुढारलेल्या राष्ट्रास का साधू नये? उत्तर भूगोलात आहे. परांडा ते विजापूर ही वाट पठारावरची. नद्या उन्हाळ्यात उतारास येतात आणि दऱ्या आडव्या येत नाहीत. विजापूरहून समुद्र गाठावयाचा तर सह्याद्री उतरावा लागतो. बोरघाटातून चाकांची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला तो १० नोव्हेंबर १८३० रोजी, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. म्हणजे इंजिनिअरच्या पाहणीनंतर सात वर्षांनी. १८२३ साली ज्याची उणीव होती ते बैल नव्हेत, हत्ती नव्हेत, पैसाही नव्हे. उणीव होती ती रस्त्याची. घाटांतून गाडीरस्ते झाले, म्हणूनच पुढे इंजिनास वर चढता आले.

परंतु रस्ता म्हणजे तरी काय? तो बांधणारे, दुरुस्त करणारे आणि त्यावरून ओढणारे हात. त्या हातांचा इतिहास सुखाचा नाही. लष्कराच्या तोफा व सामानसुमान वाहण्यासाठी वाटेवरच्या गावांतील बैल व माणसे धरून नेण्याची चाल आपल्याकडे अनेक राजवटींत होती. वेठीस धरणे हा शब्दप्रयोग आज आपण सौम्य अर्थाने वापरतो. ज्याचा बैल ऐन पेरणीच्या दिवसांत तोफेस जुंपला जाई, त्या कुणब्यास त्याचा खरा अर्थ कळत होता. लोहमार्गाच्या काळी मजुरी मिळू लागली, हा फरक लहान नव्हे. तथापि एकट्या बोरघाटात १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजार माणसे राबत होती आणि साथीच्या रोगांनी त्यांतील कितीतरी तेथेच संपली. मुलूखमैदानावर ती ओतणाऱ्याचे नाव कोरलेले आहे, राजाचे आहे, पुढे विजापूर जिंकणाऱ्या औरंगजेबाचेही आहे. ती ओढणाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

हा सारा जुना इतिहास झाला, आता यंत्रबळ वाढले, असे कोणी म्हणेल. त्यास अलीकडचेच उदाहरण पुरे आहे. तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी बनवलेले एक प्रचंड दाबपात्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून रस्त्याने निघाले. वजन सुमारे ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी साडेसहा मीटरांहून अधिक. सामान्य मोटारगाडीस आपल्या देशात २.६ मीटर रुंदीची मर्यादा आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या ओझ्याचा विस्तार कळतो. चौऱ्याहत्तर चाकांच्या वाहनावर ते चढवले होते. सुमारे सतराशे किलोमीटरांची ही वाट साधी मालमोटार आठवड्याच्या आत संपवते. या ओझ्यास वर्ष लागले. ते पोहोचले जुलै २०२० मध्ये. मध्ये टाळेबंदीने खोळंबा केला, हे खरे. पण एरवीही दिवसाकाठी मोजकेच किलोमीटर पुढे सरकता येत होते. कोठे खड्डे बुजवावे लागले, कोठे झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या, कोठे विजेच्या तारा सोडवाव्या लागल्या. त्यासाठी तीसएक माणसांचा ताफा बरोबर चालत होता. बैलांच्या जागी शेकडो अश्वशक्तीचे इंजिन आले होते. वाट मात्र पूर्वीसारखीच, हात-हात मोकळी करावी लागत होती.

तेव्हा मुलूखमैदान, थळ घाट चढलेले इंजिन आणि हे दाबपात्र, तिन्हींची साक्ष एकच आहे. कोणतेही मोठे यंत्र आपल्या बळावर आपल्या जागी जात नाही. त्याच्या आधी वाट जाते, आणि वाटेच्या आधी ती करणारा माणूस जातो. आग्रा रस्त्यावर अशा एखाद्या ओझ्यामागे वाहनांची रांग खोळंबते, तेव्हा प्रवासी चरफडतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पुढे लाल निशाण घेऊन चालणारा, लांब काठीने तार उचलून धरणारा, चाकामागे ओंडका सरकवणारा जो माणूस त्या रांगेच्या तोंडाशी दिसतो, तो फार जुन्या परंपरेचा वारस आहे. लासलगावच्या रुळांवरून पहिली गाडी धावली ती त्याच्याच पूर्वजांनी इंजिन घाटावर चढवले म्हणून. त्यांची नावे आता सापडणार नाहीत. आजच्या माणसास निदान पुरी मजुरी, पुरेशी विश्रांती आणि रस्त्यावर सुरक्षितता मिळावी, एवढे ऋण तरी समाजाला फेडता येण्याजोगे आहे.