शेजाऱ्याची साक्ष, कंपनीची फाईल

माणसांची माहिती विकण्याचा धंदा संगणकापेक्षा जुना आहे. १८९९ मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहरात वूलफर्ड बंधूंनी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढली. आधी उधारी कोण फेडतो याची यादी दुकानदारांना विकली; पुढे विमा कंपन्यांसाठी तिचे निरीक्षक शेजारीपाजारी चौकशा करू लागले. अमका दारू पितो का, नवरा-बायकोचे पटते का, सारे फाईलीत जाई. विमा नाकारला, तरी माणसाला त्या फाईलीचा पत्ता नसे. आपल्याकडच्या अशा चौकशा निदान सोयरीक जुळेपर्यंतच्या!

१९७० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. अहवालावरून विमा, कर्ज वा नोकरी नाकारली, तर अहवाल देणाऱ्या कंपनीचे नाव सांगणे बंधनकारक झाले. फाईलीत काय आहे ते विचारता येऊ लागले, चुकीवर हरकत घेता येऊ लागली. कोणता शेजारी बोलला, हे सांगण्याची सक्ती मात्र नव्हती. १९७५ मध्ये कंपनीने ‘इक्विफॅक्स’ असे नाव घेतले.

निव्वळ जाहिरातींसाठी पत्ते आणि आवडीनिवडी विकणारे दलाल बाहेरच राहिले. तिथे कोणी काही नाकारत नाही, म्हणून कळवतही नाही. २०१८ मध्ये व्हरमाँट राज्याने दलालांना वार्षिक नोंदणी सक्तीची केली. लोकांना निदान नावे कळली. माहिती पुसून घेण्याचा हक्क त्यात नव्हता. एकाच अर्जात सर्व नोंदणीकृत दलालांकडून ती पुसून घेण्याची तरतूद कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केली. सरकारी दप्तरांतून उचललेली माहिती मात्र तिच्यातून वगळली आहे.