भिंतीआडचे पावणेतेरा गुंठे

बर्गंडीत द्राक्षमळ्याची जमीन अजूनही पुष्कळदा 'उव्रे'त मोजली जाते. एका माणसाच्या एका दिवसाच्या कुदळकामाची जमीन म्हणजे एक उव्रे : 428 चौरस मीटर, आपले सव्वाचार गुंठे. आपल्याकडच्या 'औत' या मापाची आठवण येथे अपरिहार्य आहे; फरक इतकाच, की तिथे बैल नाही, माणूसच जुंपलेला आहे.

'क्लो द वूजो' हा सुमारे 50 हेक्टरांचा, दगडी भिंतीने वेढलेला मळा सितोच्या मठवासीयांनी बाराव्या शतकापासून जोडत नेला. क्रांतीनंतर 1791 मध्ये त्याचा लिलाव झाला. तरी 1889 पर्यंत तो अखंड राहिला. मग विक्रीने आणि 1804 च्या नागरी संहितेतील समान वाटणीने त्याचे तुकडे होत गेले. आज ऐंशीहून अधिक मालक आहेत.

भिंत एक, नाव एक, दर्जाही सर्वोच्च. माती मात्र एक नाही. वरच्या अंगाला चुनखडकावर जेमतेम पसरलेली, खडेमिश्रित माती. मधे चिकणमातीचा अंश वाढतो. खाली रस्त्याकडे ती खोल, जड होते आणि पावसाळी वर्षी वेलींच्या मुळाशी पाणी साचते. लेबल यातले काहीच सांगत नाही. म्हणून जाणकार आधी उत्पादकाचे नाव वाचतो, मळ्याचे नंतर. कृतीपेक्षा कर्त्याला मोठे करणारी ही रीत साहित्याच्या अभ्यासकांना परकी वाटू नये!

वाणाच्या बाबतीत सत्तेनेच निवाडा दिला. 1395 मध्ये ड्यूक फिलिपने भरघोस पिकणारे 'गामे' बेइमान ठरवून उपटण्याचा हुकूम काढला आणि 'पिनो न्वार'ची बाजू घेतली. आम्हांला हा निवाडा एकांगी वाटतो : दक्षिणेस बोजोलेच्या ग्रॅनाइटवर तेच गामे उत्तम वठते. मुळात दोष वाणाचा, की त्याला मिळालेल्या जमिनीचा?

आता तीन उव्रेंचा एखादा मालक घ्या. पावणेतेरा गुंठे. हेक्टरी 35 हेक्टोलिटर या मूळ मर्यादेने त्याच्या वाट्याला साडेचारशे लिटर, म्हणजे 228 लिटरांची दोन पिंपेही पुरती भरत नाहीत. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून त्याच्या पट्ट्या शेजारच्या गावांतही विखुरलेल्या असतात. कुठे पिनो, कुठे शार्दोने. हिंडण्यात वेळ जातो खरा, पण गारपीट एका टेकडीला झोडपून गेली, तरी दुसऱ्या गावातली पट्टी बहुधा वाचते.